तीनवारचा आवाज

माझ्या मावशीला बाजारात कुणी नावाने हाक मारत नाही. "तीनवार आल्या का?" "तीनवारना विचारून घ्या." "आज तीनवारचं डोकं कसं आहे?" असंच चालतं. जुन्या सामानाच्या लिलावघरात ती लिलाव पुकारते. माणसं घरं बदलतात, दुकानं बंद करतात, म्हातारी जातात, आणि मागे उरलेली कपाटं, आरसे, शिवणयंत्रं, दातांच्या डॉक्टरच्या उंच खुर्च्या असं सगळं या लिलावघरात येऊन पडतं. मावशी चौथऱ्यावर चढते. समोर माल, मालापलीकडे माणसं. बोली चढत जाते, थकते, थांबते, आणि मग मावशी ते तीन शब्द टाकते. एक वार. दोन वार. इथे ती थोडी थांबते, म्हणजे ज्याला पस्तावायचं आहे त्याने आत्ताच पस्तावून घ्यावं. तीन वार. त्याबरोबर लाकडी हातोडा टेबलावर. धाड. सौदा पक्का.

माईक तिने कधी वापरला नाही. "लाजणाऱ्यांसाठी असतो तो," म्हणायची.

ती मुळात तिथे मालाला चिठ्ठ्या बांधायला लागली होती. एका सकाळी पुकारणाऱ्या आजोबांचा घसा बसला आणि मालक लिलाव रद्द करायला निघाले. मावशीने हातातली सुतळी ठेवली आणि विकायला आलेल्याच एका स्टुलावर ती चढली. मागच्या रांगेत एक फर्निचरवाला बसायचा, सगळ्यांत मोठ्याने हसणारा. तो म्हणाला, "आता बायका पुकारणार? मग आम्ही बोली लावायची का मागणी घालायची?"

मावशी म्हणाली, "तुमची ऐपत बोलीपुरतीच आहे. तेवढीच लावा."

ते स्टूल त्या दिवशी विकलं गेलं. मावशी मात्र खाली उतरली नाही, ती चौथऱ्यावर गेली.

काकांची आणि तिची लग्नगाठही तिथलीच. काका गोदाम सांभाळायचे. बोलायचे कमी आणि काही म्हणजे काही फेकायचे नाहीत. कुलपं हरवलेल्या किल्ल्यांचा त्यांचा एक खण आहे. "कुलूप सापडलं तर?" असं ते विचारतात. गोदामाच्या एका कोपऱ्यात त्यांनी भिंतीवर खडूने 'भंगार' असं लिहून ठेवलं होतं. त्या भंगाराला कधी भंगारवाल्याचं तोंड दिसलं नाही. निम्मं तर काकांनी घरी आणलं. जेवणाचं टेबलही त्यातलंच. भलं जाड लाकूड, पण एक पाय आखूड, म्हणून कुणी बोली लावली नव्हती. घरात जोराने काही ठेवलं की ते टेबल दचकतं.

मावशीचा आवाज फाटायला लागला तेव्हा तिने गोदामातल्या धुळीला शिव्या घातल्या. मग गळ्याला मफलर बांधला. मग एकदा 'दोन वार' म्हणताना आवाज अर्ध्यात तुटला आणि सगळ्या हॉलला वाटलं की ती मुद्दाम थांबली. फक्त काकांना कळलं. दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन डॉक्टरकडे गेले, सोबत मी.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल, आणि लवकर.

"आवाज राहील?" मावशीने विचारलं.

डॉक्टरांनी फाईल चाळली. "जीव राहील."

"ते नाही विचारलं मी."

"नाही राहणार आवाज," डॉक्टर म्हणाले.

"हं," मावशी म्हणाली. "असं सरळ बोलावं माणसाने."

त्याच दवाखान्यात ज्यांचं बोलणं गेलंय त्यांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मऊ बोलणाऱ्या, मऊ साड्या नेसणाऱ्या. त्यांनी सांगितलं की आवाज जायच्या आधी तो साठवून ठेवता येतो. बरीच वाक्यं वाचायची, ती ऐकून संगणक तुमच्यासारखं बोलायला शिकतो, आणि मग तुम्ही टॅबवर टाईप केलं की तो तुमच्याच आवाजात बोलतो. दवाखाना एक लॅपटॉप काही दिवसांपुरता देणार होता. "मागे दुसरे पेशंट थांबलेत, त्यामुळे शेवटी तुमची वाक्यं तुमच्या स्वतःच्या हार्ड डिस्कवर काढून घ्या आणि लॅपटॉप कोरा करून द्या," असं बाईंनी बजावलं. काकांनी एक नवी कोरी डिस्क आणली. काळी, साबणाच्या वडीएवढी. मावशीने ती हातात घेऊन वजन पाहिलं. "माझा सगळा आवाज यात मावणार? बघा हं."

वाचन त्या आखूड पायाच्या टेबलाशी सुरू झालं. खिडक्या बंद, पंखा बंद, लॅपटॉपच्या पडद्यावर एकेक वाक्य यायचं आणि ते शांतपणे, एका पट्टीत वाचायचं. वाक्यं अशी: आज आकाशात ढग आहेत. माझी वही निळ्या रंगाची आहे. टेबलावर तीन फळे ठेवली आहेत.

"हे कोण बोलतं असं?" मावशी म्हणाली. "कधी ऐकलंय का या घरात कुणी वहीचा रंग सांगताना?"

"अगं, वाच ना नुसतं," काका म्हणाले.

"वाचते. पण मेल्यांना सांगा, माणसाच्या तोंडची वाक्यं लिहीत जा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "तू नाटकवाली ना? हिला शांत वाचायला शिकव जरा."

मी शिकवायला गेले. "मावशी, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोड. अलगद."

"मी काही सोडत नसते," मावशी म्हणाली आणि वाचायला लागली. "आज आकाशात ढग आहेत. टेबलावर तीन फळे ठेवली आहेत. एक वार, दोन वार, तीन वार." आणि तळहात टेबलावर. धाड.

तिचं चुकत होतं असं नाही. इतकी वर्षं काही बोलून संपलं की हात आपटायचा, एवढंच त्या हाताला माहीत. त्या वाचनातलं निम्मं असंच वाया गेलं. कधी ढगांना टोमणा, कधी काकांवर वसावसा, कधी हसू, कधी खोकला, आणि शेवटी तीन वार. लॅपटॉप त्यावर लाल फुली दाखवायचा. चांगली वाक्यं लॅपटॉपमध्येच राहायची. लाल फुलीची पुसून टाका असं बाईंनी सांगितलं होतं. पण पुसणं म्हणजे फेकणं, आणि काका फेकतील कसे? ते रोज संध्याकाळी लाल फुलीची वाक्यं गुपचूप डिस्कवर नेऊन ठेवायचे. मी एकदा विचारलं, "काका, यांचं काय करणार?"

"राहू दे गं. जागा कुठे खातायत."

शेवटच्या दुपारी शेवटचं वाक्य झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीला दवाखान्यात भरती व्हायचं होतं. काकांनी सगळी चांगली वाक्यं लॅपटॉपवरून डिस्कवर चढवायला लावली. पडद्यावर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. मावशी खुर्चीवरून उठली.

"झालं?"

"चाललंय. येतंय सगळं."

"म्हणजे सौदा पक्का," मावशी म्हणाली. तिने भिंतीच्या खिळ्यावरून आपला हातोडा काढला. आम्ही दोघांनी तिला अडवलं नाही. उद्यानंतर हा आवाज या घरात असणार नव्हता, अडवणार कोण? ती टेबलाशी ताठ उभी राहिली आणि तिने पुकारलं. फाटलेला, खरखरीत, पण पार जिन्यापर्यंत जाणारा आवाज. एक वार. दोन वार. मोठा थांबा. तीन वार.

धाड.

टेबल उडालं. कप कलंडला, चहा सांडला. काळी डिस्कही एक टुणकन उडी मारून पुन्हा बसली. हिरवी पट्टी क्षणभर थबकली, मग पुढे गेली आणि पडद्यावर 'पूर्ण' असं आलं. काकांनी चहा पुसला, बाईंनी सांगितल्याप्रमाणे लॅपटॉप कोरा केला आणि डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली.

ऑपरेशन नीट झालं. मावशी झोपून असताना काकांनी बाईंना वाक्यं द्यायची म्हणून डिस्क संगणकाला लावली. आतून आवाज आला: टक. टक. टक. पडद्यावर आलं की ही डिस्क वाचता येत नाही. त्यांनी काढून पुन्हा लावली. टक. टक. दुसरी वायर. टक. शेजाऱ्यांचा संगणक. टक. दवाखान्यातला लॅपटॉप तर कधीच दुसऱ्या पेशंटकडे गेला होता आणि त्यात त्याचे ढग आणि त्याच्या वह्या भरल्या जात होत्या.

मला हे कळलं ते असं. मी घरी गेले तर काका तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभे.

"काय शोधताय?"

"शोधत नाहीये. ठेवतोय." आणि मग हळूच, "फोन बिघडला की तांदळात ठेवतात ना."

"काका, फोन भिजला तर ठेवतात."

"त्या दिवशी चहा सांडला होता."

"तो त्या टोकाला सांडला होता."

"दमट हवा तर लागली असेल," काका म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. त्यांचे डोळे मला बघवेनात. मावशीला सांगू नकोस असं ते म्हणाले नाहीत, पण मी सांगितलंही नाही.

मावशी घरी आली. गळ्यावर जाळीदार पट्टी, तिच्याआडून श्वास. तोंड उघडायची, ओठ हलायचे, सवयीने मान पुढे यायची आणि काही म्हणजे काही यायचं नाही. गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दवाखान्याने दिलं होतं. तिने ते एकदा लावून पाहिलं, घर्रर्र झालं, आणि मग पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहिलं: "हा मिक्सर परत द्या." ती पाटी आणि तिचा हातोडा हे दोन्ही सतत तिच्याजवळ. हातोडा वाजला की वाचायला यायचं.

तिसऱ्या दिवशी बाई टॅब घेऊन आल्या. त्यात तात्पुरता एक तयार आवाज होता. काहीतरी टाईप करून त्यांनी दाखवलं. टॅबमधून एक तरुण, गुळगुळीत, लिफ्टमध्ये मजले सांगते तशी बाई म्हणाली, "नमस्कार. मला बरे वाटत आहे."

मावशीने पाटीवर लिहिलं: "ही कोण बया?"

"तुमचा आवाज तयार होईपर्यंत वापरा ना," बाई म्हणाल्या. "लोकांना सवय होते हळूहळू."

"मी लोक नाही." आणि खाली: "माझा कधी येणार?"

बाईंनी काकांकडे पाहिलं. काका खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे तिकडे बघत होते. "येईल लवकरच," बाई म्हणाल्या. त्यांना फक्त डिस्क अजून आलेली नाही इतकंच माहीत होतं.

दुपारी मावशीने हट्टाने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मी बाहेर बसले होते. तांदळाच्या डब्यात माप गेल्याचा आवाज आला, मग ते कशावर तरी आपटल्याचा. मग हातोडा वाजला. आम्ही आत गेलो. ओट्यावर काळी डिस्क, अंगभर तांदळाची पांढरी पूड. मावशीच्या पाटीवर एकच प्रश्नचिन्ह, पाटीएवढं.

काकांनी सगळं सांगितलं. टकटक, वायरी, शेजारी, तांदूळ. चहाचंही सांगितलं.

मावशीने लिहिलं: "कुणी मोडली?"

तिघांचेही डोळे एकाच जागी गेले, तिच्या हातातल्या हातोड्यावर. मावशीने हातोडा वर धरून नीट पाहिला. तिला आठवलं. ते मला स्पष्ट दिसलं, कारण तिचा चेहरा आधी रिकामा झाला आणि मग एकदम आवळला. ती बाहेरच्या खोलीत गेली, टेबलाजवळ उभी राहिली, टेबल हलवून पाहिलं. मग लिहिलं: "हातोड्याचा काही दोष नाही. पाय आखूड आहे."

"अगं, माझंच चुकलं," काका म्हणाले, "मी आणलं हे टेबल."

तिने ती ओळ पुसली आणि नवीन लिहिली: "रडत बसायचंय का आवाज काढायचाय?"

बाईंना फोन केला. स्पीकरवरून त्या फार हळहळल्या. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधीचं आता पुन्हा कसं वाचणार? तयार आवाज पुष्कळ आहेत, वयस्कर बायकांचेही आहेत, आपण चांगलासा निवडू. मी मावशीच्या पाटीवरचं वाचून दाखवत होते. "मावशी म्हणते, डिस्क इथे आहे. आवाज आत आहे."

"अहो, पण ती उघडतच नाही ना."

"ती म्हणते, चावी हरवलेली कपाटं आयुष्यभर विकली. उघडेपर्यंत आत काही नाही असं कुणी म्हणायचं नाही."

पहिल्या दुकानदाराने आमचं ऐकून न घेता डिस्क लावली, टकटक ऐकली आणि म्हणाला, "मेली." मावशीने त्याच्या हातातून ती वायरीसकट ओढून घेतली. आम्ही निघालो तेव्हा तो मागून ओरडत होता, "वायर माझी आहे, वायर."

दुसरीकडे आम्ही विचारत विचारत गेलो. चष्म्याच्या दुकानावर, अरुंद जिना, वर एक खोली. डिस्कमधून हरवलेलं काढून द्यायचं काम करणारी एक मुलगी, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. आखडू. "बसा" म्हणाली नाही. डिस्क हातात घेतली, पण कशालाही लावली नाही.

"किती वेळा लावून पाहिली?"

"दोन-तीनदा," काका म्हणाले.

मावशीने पाटी वर केली: "खोटं."

"म्हणजे, आठवण आली की लावायचो," काका म्हणाले.

त्या मुलीने डिस्कच्या खाचेतून चिमट्याने एक दाणा काढला, उजेडात धरला. "तांदूळ," ती म्हणाली. "सगळे तांदळातच का ठेवतात हो? कुणी कधी साखरेत ठेवत नाही." मग तिने समजावलं. आत चकचकीत तबकड्या असतात, त्यांच्यावरून एक नाजूक दांडा फिरतो, तबकडीला न टेकता. चालू असताना दणका बसला की तो टेकतो आणि वाकतो. मग प्रत्येक वेळी चालू केली की तो खरवडत जातो. तेच ते टकटक. आता अगदी अशीच दुसरी डिस्क शोधायची, तिचा चांगला दांडा काढून इथे बसवायचा, बिनधुळीच्या पेटीत, आणि हळूहळू जेवढं वाचता येईल तेवढं उचलायचं. जिथे ओरखडा गेलाय तिथलं मात्र गेलं.

"दणका कसला बसला?" तिने विचारलं.

मावशीने पिशवीतून हातोडा काढून तिच्या टेबलावर ठेवला. अलगद. मुलीने आधी हातोड्याकडे, मग मावशीकडे पाहिलं. पहिल्यांदाच हसली. "बसा ना," म्हणाली. "हमी देत नाही मी मात्र."

मावशीने लिहिलं: "मीही कधी दिली नाही. जसं आहे तसं."

लिलावघरात मालावर हीच चिठ्ठी असते. जसं आहे तसं. घेणाऱ्याने बघून घ्यावं.

मग वाट पाहणं आलं. मावशीने त्या टॅबला हात लावला नाही. एक ठोका म्हणजे काका, दोन म्हणजे मी, सलग ठोके म्हणजे दोघांची चूक. एके दिवशी मालक भेटायला आले. अघळपघळ बसले. "तुम्ही काही काळजी करू नका, तीनवार. तुमची जागा आहेच. खाली बसून नोंदी बघा निवांत. पुकारायला बघू कुणीतरी. नाहीतर हा टॅबवाला आवाज काय वाईट आहे? गोड आहे की."

मावशीने लिहिलं: "मिठाई विकताय का कपाटं?"

मालक ओशाळले. "अहो, पण पुकारणार कशाने?"

नाही असं तर ती लिहिणार नव्हती. तिने लिहिलं: "चौथऱ्यावर कुणी चढायचं नाही. मी येतेय."

मालक गेल्यावर ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या रात्री एकही ठोका वाजला नाही. काका दाराशी दोनदा येऊन गेले.

चष्म्याच्या दुकानावरून बोलावणं आलं तेव्हा आम्ही तिघंही गेलो. मुलीने आमच्यासाठी स्टुलं मांडून ठेवली होती, यावरूनच मला कसंतरी झालं.

"चांगली वाक्यं ज्या फोल्डरमध्ये होती," ती म्हणाली, "ती चढत असतानाच दणका बसलाय. तेवढाच भाग खरवडलाय. नावं दिसतायत सगळी, आत काही नाही." तिने एक लावून दाखवलं. खर्रर्र. दुसरं. खर्रर्र. तिसरं लावायला गेली तर मावशीने तिचा हात धरला. पुरे.

काकांनी चष्मा काढून पुसला. पुन्हा पुसला.

"पण," मुलगी म्हणाली, "त्याच्या आधी ठेवलेलं एक फोल्डर आहे. ते तबकडीच्या दुसऱ्या भागात आहे. जवळजवळ सगळं आलंय. तुमच्या कामाचं आहे का माहीत नाही. नाव विचित्र आहे. 'भंगार'."

मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे.

मुलीने बटण दाबलं. आणि त्या अरुंद खोलीत माझी मावशी बोलायला लागली. "आज आकाशात ढग आहेत. मग आम्ही काय करू, पोहू? ए, हसू नकोस गं तू. अहो, तो पंखा बंद करा आधी, घरघर येतेय सगळी, किती वेळा सांगायचं एका माणसाला?"

"हो हो, करतो," काका म्हणाले आणि उठून खोलीतल्या पंख्याच्या बटणाकडे गेले. हात बटणावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते तसेच उभे राहिले, आमच्याकडे पाठ करून. पंखा त्यांनी बंद मात्र केला.

स्पीकरमधून आलं, "एक वार, दोन वार, तीन वार." धाड.

मावशीचा हात गळ्यावरच्या पट्टीशी गेला होता. ओठ हलत होते. ती स्वतःबरोबर पुकारत होती.

बाईंनी ते फोल्डर ऐकलं तेव्हा त्या आणखीच मऊ झाल्या. "हे चालणार नाही हो. संगणकाला शांत, एकसारखी वाक्यं लागतात. यात ओरडणं आहे, हसणं आहे, टोमणे आहेत. टेबल वाजतंय. याच्यावरून आवाज बनवला तर तो कायम चिडल्यासारखा येईल."

मावशीने लिहिलं: "मग?"

"म्हणजे तुम्ही नुसतं पाणी मागितलं तरी भांडल्यासारखं वाटेल."

काका मध्ये पडले. "बाई, ती तसंच मागते."

"त्यापेक्षा मी त्यातलं थोडं साफ करून, आवाज जरा गुळगुळीत करून..."

हातोडा वाजला. बाई दचकल्या. मावशीने पाटी भरून लिहिलं आणि ती मला वाचायला दिली नाही, स्वतःच बाईंच्या डोळ्यांसमोर धरली: "घसा कापून दिला. काही बोलले नाही. आवाज कापू देणार नाही. जसा आहे तसा."

बाईंनी पाटी दोनदा वाचली. मग त्यांनी ते फोल्डर घेतलं. सांगायला हवं की काम त्यांनी मन लावून केलं. टेबलाचे दणके तेवढे त्यांनी काढून टाकले, मावशीच्या परवानगीने. "दणके माझ्याकडे आहेत," असं तिने लिहून दिलं.

आवाज आला. हुबेहूब नाही. मध्येच एखादा शब्द ठेचकाळतो, एखाद्या साध्या वाक्याला उगाच धार येते. घरी टॅब आला तेव्हा मावशीने पहिलं काय टाईप करावं याची मी धाकधूक घेऊन वाट बघत होते. तिने एका बोटाने, जिभेचं टोक दाताखाली धरून टाईप केलं. टॅब खेकसला, "अहो, ते टेबल आधी नीट करा."

काकांनी त्या संध्याकाळी आखूड पायाखाली लाकडाचा तुकडा ठोकला. ठोकताना ते गुणगुणत होते.

लिलावाच्या दिवशी हॉल भरला होता. अर्धे माल बघायला आले होते, अर्धे तीनवारचं काय होतं ते बघायला. मावशी चौथऱ्यावर चढली. टेबलावर टॅब, टॅबला स्पीकर. आकड्यांची आणि नेहमीच्या शब्दांची बटणं तिने आधीच करून घेतली होती, उगाच प्रत्येक वेळी टाईप कोण करणार? मालक कोपऱ्यात नखं खात होते. पहिला माल, एक भलामोठा आरसा, कडेला तडा गेलेला.

मागच्या रांगेतला फर्निचरवाला आता म्हातारा झालाय, पण हसणं तेवढंच मोठं. तो म्हणाला, "काय तीनवार, आता यंत्राशी बोली लावायची का आम्ही?"

मावशी खाली मान घालून टाईप करत होती. वेळ लागला. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. मी मनात म्हणत होते, लवकर गं. ती घाई करेना. तो थांबा तिचाच होता, जुना, पस्तावायला वेळ देणारा. मग तिने बटण दाबलं आणि तिचा खरखरीत, चिडका आवाज थेट मागच्या भिंतीवर जाऊन आपटला:

"तुमची ऐपत अजून बोलीपुरतीच आहे. तेवढीच लावा."

सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. आणि पहिली बोलीही त्यानेच लावली. मग दुसऱ्याने, मग खिडकीजवळच्या एका बाईने. मावशीची बोटं आकड्यांवरून पळत होती, आवाज चढत होता, एका आकड्याला ठेचकाळला तर तिने त्याच्यावरच डोळे वटारले. बोली चढली, थकली, थांबली.

"एक वार," टॅब म्हणाला.

काका खालच्या रांगेतून उठले आणि चौथऱ्याशी आले.

"दोन वार."

काकांनी टेबलावरून टॅब उचलला, स्पीकरसकट, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. मावशीने हातोडा वर नेला. हॉलभर एक नजर फिरवली. मग काकांच्या हातातल्या टॅबवर बोट टेकवलं.

"तीन वार."

धाड.